वाचक विचारतात : लखोबा लोखंडे तमिळमध्ये कोणी साकारला?

प्रश्न : अभिनेत्री रेखाचे वडील जेमिनी गणेशन हे तमिळ चित्रपटांतले मोठे नट होते, एवढेच आम्हांला ठाऊक आहे. त्यांच्याविषयी अधिक सांगाल का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : रामस्वामी गणेशन यांचा जन्म 17 नोव्हेंबर 1920 रोजी पुदुकोट्टई येथे झाला. देवदासी प्रथेविरुद्ध मद्रासच्या विधान परिषदेत लढलेल्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी या नात्याने त्यांच्या आत्या. पुढे मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकून त्यांनी तिथेच रसायनशास्त्र शिकवले, आणि 1947 मध्ये ते एस. एस. वासन यांच्या जेमिनी स्टुडिओत नोकरीला लागले. कामाला आलेल्या होतकरू नटनट्यांची पारख करणाऱ्या विभागात ते होते. म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याआधी त्यांनी इतरांना उभे राहताना पुष्कळ पाहिले. त्याच वर्षीच्या ‘मिस मालिनी’मध्ये त्यांना किरकोळ भूमिका मिळाली. त्या चित्रपटाची नायिका पुष्पवल्ली, म्हणजे रेखाची आई. गणेशन यांचे लग्न 1940 मध्येच झाले होते, आणि रेखाच्या बालपणी पुष्पवल्ली व रेखा यांच्याशी असलेले नाते त्यांनी उघडपणे स्वीकारले नव्हते. 1952 मध्ये त्यांनी अभिनेत्री सावित्री यांच्याशी विवाह केला. तो संसारही पुढे विस्कटला आणि सावित्री दीर्घकाळ बेशुद्धावस्थेत राहून 1981 मध्ये वारल्या. तेलुगू ‘महानटी’ (2018) हा चित्रपट त्यांच्याच आयुष्यावर आहे. हे सारे सांगितल्यावाचून गणेशन यांचे चरित्र पुरे होत नाही, आणि त्यांच्या पडद्यावरच्या प्रतिमेशी त्याचा संबंध नाही असे म्हणणेही भाबडेपणाचे ठरेल.

प्रश्न : तमिळ चित्रपटांत एकाच काळात दोन गणेशन कसे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : दोघांचीही ‘पहिली नावे’ कमावलेली आहेत. शिवाजी गणेशन यांना ‘शिवाजी’ हे नाव मिळाले ते अण्णादुराई यांच्या नाटकात छत्रपतींची भूमिका केल्यावर, पेरियार यांच्याकडून. 1952 मध्ये ‘पराशक्ती’मुळे हे शिवाजी गणेशन एकदम गाजले, तेव्हा आमच्या गणेशन यांनी ओळखीसाठी आपल्या जुन्या स्टुडिओचे नाव पुढे लावून घेतले. एक गणेशन रायगडाचा आणि दुसरा कचेरीचा, असे गमतीने म्हणता येईल.

प्रश्न : त्यांना ‘कादल मन्नन’, म्हणजे प्रेमाचा राजा, म्हणत असत. एम. जी. आर. आणि शिवाजी गणेशन यांच्यासारखे दिग्गज समोर असताना हा मान त्यांना कसा मिळाला? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : एम. जी. आर. तलवार घेऊन येत आणि गरिबांचे कैवारी होऊन जात. शिवाजी गणेशन यांचा संवाद सुरू झाला की चित्रपटगृह श्वास रोखून ऐके. जेमिनी गणेशन यांच्यापाशी या दोन्ही गोष्टी नव्हत्या, आणि त्या आणण्याचा आटापिटा त्यांनी केला नाही, हेच त्यांचे शहाणपण. ते शिकल्यासवरलेल्या, थोड्या संकोची, नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणासारखे बोलत. ‘मिस्सियम्मा’ (1955) पाहावा : दोन बेकार शिक्षक, तो हिंदू आणि ती ख्रिस्ती, केवळ नोकरीसाठी नवरा-बायको असल्याचे सोंग घेतात. तिथे गणेशन यांचे सारे काम सावित्रींचा राग अंगावर घेऊन हसत राहण्याचे आहे, आणि ते त्यांनी फार लोभसपणे केले आहे. त्यांना उसना मिळालेला आवाजही तसाच होता, आधी ए. एम. राजा यांचा आणि नंतर पी. बी. श्रीनिवास यांचा, दोघेही गळा न ताणता गाणारे.

दिग्दर्शक श्रीधर यांच्या ‘कल्याण परिसु’मध्ये (1959) ते दोन बहिणींच्या मधोमध सापडलेल्या भास्करच्या भूमिकेत आहेत. जिच्यावर प्रेम आहे तिच्या हट्टासाठी तो तिच्या थोरल्या बहिणीशी लग्न करतो, आणि शेवटी प्रेयसीच्या लग्नात आपले आईवेगळे मूल आहेर म्हणून तिच्या हाती देऊन निघून जातो. हा प्रसंग किती भडक होऊ शकला असता! गणेशन तो जवळजवळ थकून करतात. हिंदीत ‘नजराना’ (1961) निघाला तेव्हा ही भूमिका राज कपूर यांनी केली.

प्रतिस्पर्ध्यांचे चाहते त्यांना ‘सांबार’ म्हणून हिणवत. पण दुसऱ्याला जागा करून देण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे, हे ध्यानात घ्यावे. ‘पासमलर’मध्ये (1961) सारा चित्रपट शिवाजी आणि सावित्री या भावाबहिणीचा आहे, आणि गणेशन बहिणीचे यजमान. ‘वंजिकोट्टै वालिबन’मध्ये (1958) ते नायक होते, तरी आज लोकांना आठवते ती पद्मिनी आणि वैजयंतीमाला यांची नृत्याची जुगलबंदीच.

प्रश्न : आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’वर तमिळ चित्रपट निघाला होता म्हणतात. हे खरे आहे का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : अगदी खरे, आणि प्रश्न निपाणीहून यावा हे योग्यच, कारण नाटकाचा नायक लखोबा लोखंडे आपल्याच गावचा तंबाखूचा व्यापारी. के. बालचंदर यांनी 1974 मध्ये या नाटकावरून ‘नान अवनिल्लै’ हा चित्रपट केला. ‘नान’ म्हणजे मी, ‘अवन’ म्हणजे तो आणि ‘इल्लै’ म्हणजे नाही. नाव जवळजवळ शब्दशः आले आहे, फक्त अत्र्यांचा तो निर्लज्ज ‘च’ वाटेत गळाला. निर्माते आणि नायक दोन्ही जेमिनी गणेशन. रंगमंचावर प्रभाकर पणशीकर फिरत्या रंगमंचाच्या साहाय्याने पाच रूपे घेत. गणेशन यांनी पडद्यावर नऊ घेतली.

यातली खरी गंमत नटाच्या निवडीत आहे. एकामागून एक बायका न्यायालयात येऊन ‘हाच तो’ म्हणतात आणि आरोपी शांतपणे ‘मी तो नव्हे’ म्हणतो, ही भूमिका करायला त्रेपन्न वर्षांचा प्रेमाचा राजा स्वतःचे पैसे घालून उभा राहतो. ज्या मवाळ आवाजावर दोन दशके प्रेक्षक भुलले, तोच आवाज इथे फसवणुकीचे हत्यार होतो. प्रेक्षकांना ते फारसे रुचले नाही आणि चित्रपट चालला नाही, पण उत्कृष्ट तमिळ अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार त्यांना याच भूमिकेसाठी मिळाला. पद्मश्री त्याआधीच, 1971 मध्ये मिळाली होती.

प्रश्न : ‘चाची 420’चा मूळ तमिळ चित्रपटही त्यांचाच ना? (एक वाचक, पुणे)

उत्तर : चित्रपट कमल हासन यांचा, ‘अव्वै षण्मुगी’ (1996), गणेशन त्यात नायिकेचे वडील आहेत. तमिळमध्ये नऊवारी मडिसार नेसलेली अय्यर मामी हिंदीत येताना नऊवारी लुगड्यातली लक्ष्मी गोडबोले झाली, आणि तिच्या मागे लागणाऱ्या म्हाताऱ्याच्या जागी अमरीश पुरी आले. हिंदी प्रेक्षकाला हसू आले ते एका दरारा असलेल्या खलनायकाचा गोंधळ पाहून. तमिळ प्रेक्षक मात्र पंचाहत्तरीतल्या गणेशन यांना केस विंचरून मामीसमोर आलेले पाहूनच हसत होता, कारण या माणसाला तो चाळीस वर्षे ओळखत होता.