आधी पाण्याची वाट शोध

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं, तुझ्या मोटरहोमचे, म्हणजे त्या राहायच्या गाडीचे, फोटोही पाहिले. पलंगाच्या उशाशी, भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात तपकिरी डाग. खाली फुगलेली भिंत, बोटाने दाबली की आत जाणारी. एक जण म्हणतो फटीत सिलिकॉनचा मसाला भर, दुसरा म्हणतो वरून नवं पॅनेल ठोक, तिसरा म्हणतो गाडीच विकून टाक. आणि तू मला विचारतेस, पॅनेल पांढरं घेऊ की लाकडी रंगाचं?

अगं, पाणी कुठून येतंय ते आधी शोध. ते सापडेपर्यंत आतल्या कशालाही हात लावू नकोस.

मी नेमकं उलट केलं होतं, तेही वयाच्या ६४व्या वर्षी, आयुष्यभर हातात हत्यारं वागवल्यानंतर. जुनी मोटरहोम, असाच डाग. त्याच्या बरोबर वरच्या सांध्यावर सिलिकॉनचा जाड थर दिला, आतून पातळ प्लायवूड चिकटवलं, रंग मारला. दोन वर्षं डाग दिसला नाही. बायको मात्र पाऊस झाला की म्हणायची, कुबट वास येतोय. मी म्हणायचो, गाडी जुनी आहे, वास यायचाच. ती त्याच भिंतीकडे डोकं करून झोपायची. आजही ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

प्लायवूड उचकटलं तेव्हा पेचकस नुसता टेकवला, तर मुठीपर्यंत आत गेला. भिंतीचा सांगाडा ज्या लाकडी पट्ट्यांचा, त्यांचा ओला भुसा झाला होता. एक लांब स्क्रू मी चिमटीत धरून सहज ओढून काढला. त्याला धरून ठेवायला लाकूडच उरलं नव्हतं. आणि पाणी त्या सांध्यातून येतच नव्हतं! चार फूट पुढे, छताच्या कडेला एक छोटा दिवा आहे, त्याच्या स्क्रूखालून ते शिरत होतं आणि आतल्या पट्टीवरून वाहत मागच्या कोपऱ्यात उतरत होतं. डाग जिथे, भोकही तिथेच, हे मोटरहोममध्ये धरून चालू नकोस.

तर शोधायचं कसं? गाडीची बाहेरून आलेली वीज काढ, बॅटरीच्या तारा सोडव. कोणाला तरी पाइप धरायला लावून तू आत टॉर्च घेऊन बस. पाणी खालून वर चढवत न्यायचं, एका वेळी एकच सांधा, प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं. वरून सुरुवात केलीस तर ओघळ सगळीकडे पसरेल आणि काहीच कळणार नाही. खिडक्यांच्या चौकटी, छतावरचे झरोके, दिवे, छत-भिंतीच्या सांध्यावरची पट्टी, एकही सोडू नकोस. ब्लोअर मिळाला तर सगळी दारं-झरोके बंद करून आत हवेचा थोडा दाब दे आणि बाहेरून साबणाचं पाणी लाव. भेग असेल तिथे बुडबुडे येतात. त्याआधी गॅसची टाकी बंद हवी. काम झालं की जमिनीलगतचे गॅसचे झरोके आठवणीने मोकळे कर. तो गॅस हवेपेक्षा जड असतो, गळलाच तर तिथूनच बाहेर पडतो.

हे सगळं करायला एक अख्खा दिवस जाईल. जाऊ दे. पाण्याची वाट सापडली नाही तर पुढची सगळी मेहनत वाया.

माझा मुलगा म्हणाला, बाबा, या वयात छतावर चढू नका, वर्कशॉपला द्या. दिली होती मी. त्यांनी माझ्या सिलिकॉनवर आणखी सिलिकॉन थापून गाडी परत पाठवली. सिलिकॉनवर दुसरं काही नीट चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. पुढे तो थर प्लॅस्टिकच्या पातीने खरवडून काढायला मला सहा दिवस लागले. लोकांना तो माझा हट्ट वाटला. पण दुसऱ्यांदा मी गाडी कोणाच्या हाती द्यायची? शिडी धरायला माणूस ठेवला, छतावर फळी टाकून तिच्यावरच गुडघे टेकले, दिवसाला दोन तासांच्या वर काम केलं नाही. सात महिने लागले. मी बरोबर होतो, असं मला आजही वाटतं.

वाट सापडली की तिथली पट्टी किंवा दिवा पूर्ण काढ, जुना मसाला साफ कर, खाली ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी, घाल आणि स्क्रू आवळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळ, कारण टेप दबून कडेने बाहेर येतो. आपोआप पसरणारं सीलंट, म्हणजे सांधे बुजवायचा पातळ मसाला, फक्त सपाट छतावर वापर, उभ्या भिंतीवर ते ओघळतं. छत रबराचं असेल तर पेट्रोल किंवा तसलं काही लावून पुसू नकोस, रबर फुगतं.

मग सुकू दे. इथेच तुझी घाई आडवी येणार, मला माहीत आहे. कुजलेलं लाकूड घट्ट लाकूड लागेपर्यंत कापून काढ, आणि उरलेल्यात ओलावा मोजायच्या मीटरच्या सुया रोज टोचून आकडा लिहून ठेव. २० टक्क्यांच्या खाली लाकूड सहसा कुजत नाही, पण तू १५च्या खाली येईपर्यंत भिंत बंद करू नकोस. आठवडे लागतील. पॅनेलच्या रंगाचं तेव्हा बघू.

गाडी विकायचा विचार तूर्त सोड. सांगाडा किती गेलाय हे उघडल्याशिवाय तुलाही कळणार नाही आणि घेणाऱ्यालाही. आणि तो डाग रंगवून गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारणाऱ्यातली तू नाहीस.

रविवारी पाइप लाव. आत पहिला थेंब दिसला की पाणी बंद करायला सांग, बाहेरच्या त्या सांध्यावर खडूने खूण कर, आणि पुसली जायच्या आत मला फोन कर. मी घरीच आहे.

तुझा,
काका