दिवस जाता जात नाही आणि वर्ष मात्र कधी सरले ते कळत नाही, असे का होते?

तुमच्या प्रश्नाचा आशय मला असा समजला: तुमचे वय चौतीस आहे, चार वर्षांपासून तुम्ही घरूनच काम करता, रोजची दुपार तीन ते सहा संपता संपत नाही, आणि तरीही मागे वळून पाहिले तर ही चारही वर्षे एखाद्या दुपारएवढीच वाटतात. म्हणजे वेळ ही मनाचीच निर्मिती आहे का, आणि तसे असेल तर आयुष्याला आपण जो अर्थ देतो तोही तितकाच बनावट आहे का, असे तुम्ही विचारले आहे. मी नाशिकमध्ये अठ्ठावीस वर्षे महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवले. प्रश्नाचा पहिला भाग वर्गात जवळजवळ दरवर्षी कोणीतरी विचारीत असे. दुसरा भाग फार थोड्यांनी विचारला.

आधी आपल्या भाषेकडे पाहू, कारण या बाबतीत मराठी बरीच नेमकी आहे. ‘वेळ’ हा शब्द आपण दोन लिंगांत चालवतो आणि बोलताना कधी चुकत नाही. ‘फार वेळ गेला’ म्हणतो तेव्हा तो वेळ असतो. ‘जेवायची वेळ झाली’ म्हणतो तेव्हा ती वेळ असते. तो वेळ म्हणजे लांबी, जी घड्याळावर मोजता येते. ती वेळ म्हणजे प्रसंग. तो जातो आणि ती येते. तुमच्या प्रश्नातला विरोधाभास असा वाटतो याचे कारण मन या दोहोंचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत ठेवते, आणि त्या वह्या एकमेकींशी जुळत नाहीत.

प्रकाशाला डोळा आहे, आवाजाला कान आहे, वेळेला मात्र इंद्रिय नाही. मेंदूच्या तळाशी सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. तो झोपेजागेचे चक्र सांभाळतो, पण दुपारचे चार वाजले की साडेचार, हे तो सांगू शकत नाही. हा फरक फार स्पष्ट दिसला तो १९६२ साली. मिशेल सिफ्र हा तेवीस वर्षांचा फ्रेंच भूशास्त्रज्ञ त्या जुलैत आल्प्समधल्या स्कारासोन नावाच्या विवरात घड्याळ न घेता उतरला. झोपण्यापूर्वी आणि जाग आल्यावर तो वर फोन करी. वरची माणसे वेळ नोंदवून ठेवीत, पण त्याला काही सांगत नसत. १४ सप्टेंबरला त्याचा मुक्काम संपला असे कळवण्यात आले, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट होता. पंचवीस दिवस त्याच्या मनाच्या वहीत चढलेच नव्हते. एक ते एकशेवीस आकडे सेकंदाला एक या गतीने मोजायला त्याला सांगितले, की त्याला दोनऐवजी पाच मिनिटे लागत. मात्र त्याचे झोपेजागेचे चक्र सगळा काळ साडेचोवीस तासांच्या आसपास बिनचूक चालू होते. शरीर दिवस मोजत होते, मनाला ते ठाऊक नव्हते. काळोखात, एकटेपणात, काल आणि आज यांना वेगळे करणारे काही घडतच नसेल, तर मन मोजणार तरी काय?

आता तुमची दुपार. वेळ सरत असताना त्याची लांबी ठरते ती लक्ष कुठे आहे यावरून. लक्ष कामात असेल तर वेळेकडे कोणी पाहत नाही. लक्ष वेळेवरच असेल तर तो ताणत जातो. काही वर्षांपूर्वी आईची तातडीची शस्त्रक्रिया रात्री पावणेदहाला सुरू झाली आणि सव्वा वाजता संपली. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेल उतरला असावा. सेकंदकाटा नवाच्या आकड्यापाशी येऊन अडकला होता, वर चढायला बघे, थरथरे, आणि परत खाली येई. तसे घड्याळ तुम्हीही पाहिले असेल. हातावर स्वतःचे घड्याळ असूनही मी तासन्‌तास त्या काट्याकडेच पाहत होते. ते साडेतीन तास माझ्या आयुष्यातले सर्वांत लांब तास असतील. पण आज ती रात्र आठवायला बसले तर हाती फारसे काही येत नाही: बाकाचा गारवा, तो काटा, आणि डॉक्टर बाहेर आले तो क्षण. जगताना अफाट लांब असलेला वेळ आठवणीत चिमूटभर उरला आहे.

याच्या अगदी उलट अनुभव मला २९ ऑगस्ट २०१५ चा आहे. सिंहस्थाची ती पहिली पर्वणी होती. घरात अकरा पाहुणे होते, पंचवटीत जागोजागी बॅरिकेड लावलेले असल्यामुळे दूध आणायलाही मोठा वळसा पडत होता, आणि पहाटे तीनला ठेवलेला चहाचा पहिला टोप रात्री कधी खाली उतरला ते कळले नाही. दिवस वाऱ्यासारखा गेला. तरीही त्या एका दिवसाविषयी मी आजही तासभर बोलू शकेन, आणि माझ्या मुलाला हे चांगलेच ठाऊक असल्यामुळे तो विषय निघाला की तो उठून जातो.

मागे वळून मोजताना मन लांबी आठवतच नाही. त्या अवधीत किती वेगळ्या, एकमेकींपासून सुट्या नोंदी सापडतात त्यावरून ते अंदाज बांधते. म्हणून प्रतीक्षेचा वेळ जगताना लांब आणि आठवताना आखूड असतो, तर पर्वणीचा दिवस जगताना आखूड आणि आठवताना लांब. तुमची दुपार आणि तुमची चार वर्षे यांत काही विसंगती नाही. एकाच कारणाचे ते दोन परिणाम आहेत. काल आणि आज सारखेच, म्हणून दुपारी लक्ष पुन्हा पुन्हा घड्याळाकडे जाते. काल आणि आज सारखेच, म्हणून वर्षाच्या वहीत दोघांची मिळून एकच ओळ होते.

संकटाच्या वेळी काळ ‘थांबतो’ असे म्हणतात, त्याचीही परीक्षा झाली आहे. मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड ईगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना ३१ मीटर उंचीवरून पाठीवर पडतील असे खालच्या जाळ्यात सोडले होते. दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा आपले पडणे त्यांना सरासरी ३६ टक्के जास्त लांब वाटले. पण त्यांच्या मनगटावर एक उपकरण बांधले होते आणि त्यावरचे आकडे एरवी वाचता येणार नाहीत इतक्या वेगाने लुकलुकत होते. काळ खरोखर मंदावला असता तर ते आकडे पडताना वाचता आले असते. ते वाचता आले नाहीत. म्हणजे तो क्षण मंद चालला नव्हता, त्याची नोंद दाट झाली होती.

हे मी शिकवत होते तेव्हा मला पटलेले होते, पण खरे कळले ते भावामुळे. निफाड तालुक्यात त्याची द्राक्षबाग आहे. एका फेब्रुवारीत गारपीट सुरू झाली तेव्हा त्याने मला फोन लावला आणि तो बंद करायचे विसरला. पत्र्याच्या शेडवर गारांचा जो ताशा वाजत होता तो मी इकडे नाशिकमध्ये ऐकत उभी होते. आजही तो सांगतो की तासभर झोडपले. माझ्या फोनमध्ये तो कॉल अकरा मिनिटांचा नोंदला गेला होता. मी त्याला हे एकदाच सांगितले. पुन्हा सांगण्याचे धाडस केलेले नाही.

वय वाढते तशी वर्षे लहान होतात, याचे एक जुने स्पष्टीकरण आहे: दहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा भाग, पन्नाशीच्या माणसाला पन्नासावा. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल जाने यांनी ते मांडले आणि अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये त्याचा उल्लेख केला, पण त्यांनाही ते पुरेसे वाटले नाही. मलाही वाटत नाही. गणित नीटनेटके आहे, परंतु मन भागाकार करत बसत नाही, आणि तसे करत असते तर पन्नाशीत सरकारी कचेरीतली रांगही पाचपट लवकर सरली असती. २००५ साली मार्क विटमान आणि सांड्रा लेनहॉफ या संशोधकांनी १४ ते ९४ वयाच्या सुमारे पाचशे लोकांना वेळ कसा जातो हे विचारले. वयानुसार फरक दिसला तो थोडाच, आणि मुख्यतः मागच्या दहा वर्षांविषयी विचारल्यावर. तुमच्या बाबतीत मी वयाला फारसा दोष देणार नाही.

आता दुसरा भाग, मनाने बनवलेले ते बनावट का, हा. आपल्याकडे हा वाद जुना आहे. वैशेषिक दर्शनाच्या विचारवंतांनी काळाला नऊ द्रव्यांत, म्हणजे जगाच्या मूळ घटकांत, बसवले, तेव्हा तो आपल्या मनावर अवलंबून नाही. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात मात्र वेगळी भूमिका आहे: क्षण खरा, पण दोन क्षण कधी एकत्र नसतात, त्यांना जोडून आपण जे मुहूर्त आणि दिवसरात्र म्हणतो ती जोडणी बुद्धीची, आणि म्हणून काळ ‘बुद्धिनिर्माण’. मला दुसरे म्हणणे तुमच्या प्रश्नाला जास्त जवळचे वाटते. मात्र बनवलेले आणि बनावट यांत फरक आहे. येवल्याची पैठणी हातमागावर बनवलेली असते. म्हणून ती बनावट ठरत नाही. धागे आहेत, माग आहे, विणणाऱ्याचे महिने आहेत. क्षणांची जोडणी मनाने केली म्हणजे क्षण खोटे झाले असे नाही, आणि जोडणी करणारे मन एकटे असते असेही नाही.

ऑस्ट्रियन मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी नाझी छळछावणीतल्या अनुभवाविषयी लिहिले आहे, की तिथे एक दिवस संपता संपत नसे आणि आठवडा मात्र पटकन जाई. तुमच्याच वाक्याशी हे जुळते, दोन्ही परिस्थितींची तुलना करण्याचा प्रश्नच नसला तरी. त्यांनी दिलेले कारण महत्त्वाचे आहे: कैद किती दिवसांची हे कोणालाच माहीत नव्हते, आणि शेवट दिसत नसेल तर माणसाला कशाच्या तरी दिशेने जगता येत नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला सामाजिक मानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल या गावी हेच जवळून पाहिले. गावातली गिरणी बंद पडली होती. पुरुषांकडे सगळा दिवस मोकळा होता, पण दिवसभरात काय केले ते त्यांना लिहून देता येईना. बहुतेकांनी घड्याळ बाळगणे सोडले, रस्त्यातले त्यांचे चालणे मंदावले, आणि वेळ भरपूर असूनही वाचनालयातून पुस्तके नेणे कमी झाले. बायकांची मजुरी गेली होती तरी चूल सुटली नव्हती. त्यांच्या दिवसाला आकार राहिला. तो वेळ मुबलक होता, पण ती वेळ यायचीच बंद झाली होती.

भावाच्या बागेत उलटे दिसते. तिथे कॅलेंडरची तारीख कोणी विचारत नाही. ‘बाग कितव्या दिवसाची?’ असे विचारतात. मोजणी ऑक्टोबरच्या छाटणीपासून होते. चाळिशीच्या आसपास फुलोरा, मग विरळणी, पुढे मण्यात पाणी उतरणे, आणि सव्वाशेच्या पुढेमागे काढणी. दोन प्लॉटची छाटणी वेगवेगळ्या दिवशी झालेली असते, म्हणून बांधाच्या अलीकडे तिसावा दिवस असतो आणि पलीकडे अठरावा. ‘चाळिसावा दिवस’ हा आकडा मनाने बनवलेलाच आहे, वेलीला तो ठाऊक नाही. पण त्या दिवशी फवारणी चुकली तर डावणी हा बुरशीचा रोग घड घेऊन जातो. ज्या अर्थाविषयी तुम्ही विचारता तो मला इथे दिसतो: आजचा दिवस कालच्या दिवसामुळे वेगळा असतो आणि उद्याचे काहीतरी त्याच्यावर अवलंबून असते.

म्हणून वर्षे लांब वाटावीत यासाठी सहलींना जा, असा जो सल्ला हमखास मिळतो, तो मी देणार नाही. सहलीने चार नोंदी वाढतील, पण त्या सुट्या राहतील. तुमच्या कामात किंवा कामाबाहेर, आदल्या दिवसावर रचला जाणारा एखादा क्रम आहे का ते पाहा. तबला शिकणे असो, की एखाद्या मुलाला गणित शिकवणे असो. दुपारी तीन ते सहा त्यानेही कदाचित लगेच आखूड होणार नाहीत. वर्ष मात्र दुपारएवढे उरणार नाही.

आईच्या शस्त्रक्रियेची तारीख पुढे एका अर्जात लिहावी लागली आणि मला ती काही केल्या आठवेना. काटा आठवत होता, तारीख नाही. भावाला फोन केला. त्या रात्री तो फवारणी अर्धी टाकून आला होता. तारीख त्यालाही आठवत नव्हती, पण तो म्हणाला, “ताई, खालच्या प्लॉटचा एकोणपन्नासावा दिवस होता.” मग त्याने वही काढली. छाटणी ८ ऑक्टोबरची होती. तो दिवस धरून आम्ही बोटांवर मोजले आणि २५ नोव्हेंबर आला. आठवडाभराने कपाटात दवाखान्याची फाईल सापडली, तिच्यावरही तीच तारीख होती.