मॉडेल रेल्वेच्या जुन्या एचओ डिझेल इंजिनात साउंड डिकोडर (रुळातून आलेल्या आज्ञांनुसार मोटर, दिवे आणि आवाज चालवणारं सर्किट) बसवायचा आहे. कोणता घ्यावा आणि सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलं आहे की इंजिन एचओ मापाचं आहे, साध्या डीसीवर धावणारं, आत डिकोडरसाठी सॉकेट नाही. डीसीसी (रुळातूनच डिजिटल आज्ञा पाठवणारी पद्धत) कंट्रोलर नुकताच घेतलाय आणि आता लोकसाउंड, झिमो की त्सुनामी, यांपैकी कोणता डिकोडर घ्यावा यावर गाडी अडली आहे. माझं प्रामाणिक मत असं की हा प्रश्न सगळ्यात शेवटी सोडवायचा. आधी इंजिनाची बॉडी उचला आणि स्पीकरला आत किती जागा मिळते ते मोजा. मग स्पीकर ठरवा, मग मोटर तपासा, आणि उरलेल्या जागेत मावेल तो डिकोडर घ्या. बहुतेक जण नेमकं उलटं करतात आणि स्पीकरच्या वाट्याला उरलीसुरली फट येते.

मीही तेच केलं होतं. पहिल्या इंजिनात चांगला डिकोडर घातला आणि सोबत आलेला स्पीकर तसाच उघडा, दुतर्फी टेपने बॉडीला आतून चिकटवला. हॉर्न कर्कश आणि इंजिनाची घरघर जवळजवळ गायब. महिनाभर मी सेटिंग बदलत बसलो, डिकोडरला दोष देत राहिलो. शेवटी त्याच स्पीकरला प्लास्टिकच्या पट्ट्यांची छोटी पेटी करून मागून बंद केलं, आणि डिकोडर तोच असूनही आवाज ओळखू येईना, इतका बदलला.

याचं कारण साधं आहे. स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. मागची बाजू उघडी असेल तर या दोन लहरी कडेवरून वळून एकमेकींना खाऊन टाकतात. खालचे, जाडे सूर आधी जातात, आणि डिझेलची सगळी मजा तर त्या सुरांतच असते. पेटी मागची लहर आत कोंडून ठेवते. म्हणून पेटी हवाबंद हवी. केसाएवढी फट राहिली तरी आवाज पडतो. सांध्यांवर चिकट पुट्टी किंवा पातळ गोंद फिरवा, तारा बाहेर येतात ते छिद्रही बुजवा. पटत नसेल तर प्रयोग करा: इंजिनाची घरघर चालू ठेवून उघडा स्पीकर हातात धरा, मग तो एखाद्या लहान डबीच्या तोंडावर घट्ट दाबा. फरक लगेच कानाला कळेल.

एचओ डिझेलमध्ये हल्ली 'शुगर क्यूब' म्हणतात ते मोबाइल फोनच्या जातीचे स्पीकर सगळ्यात सोयीचे. साधारण ११ × १५ मिलिमीटरची चौकट, त्यामागे जमेल तेवढी खोल पेटी. पेटीतली हवा जितकी जास्त तितका आवाज भरदार, म्हणून शक्य असेल तर खोली वाढवा. लांब नाकाच्या इंजिनात असे दोन स्पीकर बसतात. दोन लावलेत तर दोघांचे पडदे एकाच वेळी एकाच दिशेने हलले पाहिजेत. एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर पुन्हा तीच लहरींची मारामारी. रोधाचाही हिशेब ठेवा: ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ ओहम, एकामागे एक जोडले की १६. लोकसाउंड ५ ला ४ ते ३२ ओहमपर्यंत काहीही चालतं, इतर डिकोडरांचं पत्रक बघून घ्या. जुना लोकसाउंड ३.५ कुणी स्वस्तात देत असेल तर लक्षात ठेवा, त्याला १०० ओहमचा स्पीकर लागतो. आजचा ८ ओहमचा त्याला लावू नका.

जागा करण्यासाठी आतलं वजन कापावं लागलं तर हात आखडता ठेवा. वजन गेलं की चाकांची पकड जाते आणि चढावर डबे ओढताना चाकं जागीच फिरतात. केबिनची जागा, इंधनटाकीची पोकळी, मोटरच्या वरची मोकळीक, हे सगळं आधी धुंडाळा.

आता मोटर. सगळ्यात जास्त डिकोडर इथे मरतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डीसीच्या जुन्या इंजिनांत अनेकदा मोटरचा एक ब्रश थेट धातूच्या चासीला टेकलेला असतो आणि चासी एका बाजूच्या रुळाला जोडलेली असते. डीसीवर ते चालतं. डीसीसीत मात्र रुळातली वीज आधी डिकोडरमध्येच जायला हवी आणि मोटरला फक्त डिकोडरकडूनच मिळायला हवी. मोटरचं एक टोक चोरून रुळाला चिकटलेलं असेल तर डिकोडरच्या मोटर-आउटपुटवर थेट रुळाची वीज येते आणि आतले ट्रान्झिस्टर जळतात. माझा एक डिकोडर असाच गेला. ब्रशखालची पितळी पट्टी मी वाकवली होती, पण स्क्रू घट्ट करताना ती पुन्हा चासीला टेकली. तेव्हापासून मोटर परत जागेवर घट्ट बसवल्यानंतरही मी पुन्हा मोजतो. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक टोक ब्रशला, दुसरं आळीपाळीने चासीला आणि दोन्ही बाजूंच्या चाकांना लावा. दोन्ही ब्रशांसाठी हे करा. कुठेही बीप वाजता कामा नये. मोटरखाली कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी टेप) तुकडा घाला, साधी चिकटपट्टी उष्णतेने सुटते.

मग करंट मोजा. मोटरला १२ व्होल्ट डीसी द्या, मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून मालिकेत जोडा आणि फ्लायव्हील बोटांनी क्षणभर रोखून धरा. येणारा आकडा डिकोडरच्या क्षमतेच्या आत हवा. लोकसाउंड ५ मोटरला १.५ अँपिअर देतो, लोकसाउंड ५ मायक्रो ०.७५. नव्या बंद डब्यासारख्या मोटरी बहुधा मायक्रोवरही भागवतात. जुन्या उघड्या मोटरी मात्र रोखल्यावर एक अँपिअर सहज ओलांडतात. तशी निघाली तर मोटरच बदलावी असं मी सुचवेन.

इथवर आलात की निवड जवळजवळ आपोआप होते. मोठा डिकोडर साधारण ३० × १५ मिलिमीटरचा असतो, तेवढी सपाट जागा आहे का ते तुम्हाला आता कळलेलं असेल. त्यापुढे माझी कसोटी एकच: तुमच्या इंजिनाचा खरा आवाज त्यात मिळतो का. जीपी ३८ आणि जीपी ४० ही खरी अमेरिकन डिझेल इंजिनं बाहेरून भावंडं वाटतात, पण पहिल्यात टर्बो नसलेलं ६४५ जातीचं मशीन आहे आणि दुसऱ्यात टर्बोचं. पहिल्याची लयदार घुमघुम आणि दुसऱ्याची शीळ एकमेकांत खपत नाहीत. त्सुनामी २ मध्ये एकाच डिकोडरात अनेक मशीनं आणि हॉर्न आधीच भरलेले असतात, सीव्ही (डिकोडरमधली क्रमांकाने ओळखली जाणारी सेटिंग) बदलून निवडायचे. लोकसाउंड आणि झिमोत विशिष्ट इंजिनाची ध्वनिफाइल भरावी लागते, त्यासाठी वेगळं उपकरण लागतं. ते नसेल तर विक्रेत्याकडून भरून घ्या. तुम्हाला एकच इंजिन करायचं असेल तर मी त्सुनामी घ्या म्हणेन. पुढे दहा करायची असतील तर लोकसाउंड आणि त्याचा प्रोग्रॅमर. मोटर अगदी सावकाश, न धक्का देता चालवण्यात लोकसाउंड आणि झिमो दोन्ही उत्तम आहेत.

जोडणीत रंग ठरलेले आहेत: लाल उजव्या रुळाकडून, काळी डाव्या रुळाकडून, नारिंगी आणि करडी मोटरला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी सगळ्या दिव्यांची सामाईक धन. स्पीकरच्या तारांचे रंग कंपनीगणिक वेगळे, त्या पत्रकात बघा. एलईडी लावताना १ किलोओहमचा रेझिस्टर विसरू नका, आणि जुना दीड व्होल्टचा बल्ब असेल तर तो काढूनच टाका. प्रत्येक जोडावर हीट श्रिंक नळी घाला.

बॉडी बंद करण्याआधी इंजिन प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (डिकोडरची सेटिंग वाचण्या-लिहिण्यासाठीचा वेगळा रूळ) ठेवा, मुख्य रुळावर नको. तिथे वीज मर्यादित असते, चूक असली तर बहुधा डिकोडर वाचतो. सीव्ही ८ वाचा: लोकसाउंडला १५१, झिमोला १४५, त्सुनामीला १४१ यायला हवं. आकडा आला म्हणजे जोडणी बरीचशी बरोबर. कंट्रोलरवर इंजिन निवडायचा क्रमांक, म्हणजे पत्ता, सुरुवातीला ३ असतो. लोकसाउंड असेल तर मुख्य रुळावर सीव्ही ५४ मध्ये ० लिहून कंट्रोलरचं एफ १ बटण दाबा. इंजिन क्षणभर पूर्ण वेगाने सुटतं आणि मोटरची ओळख करून घेतं, म्हणून समोर दोन मीटर सरळ मोकळा रूळ ठेवा.

नंतर आवाज कमी करा. लोकसाउंडमध्ये सीव्ही ६३, झिमोत २६६, त्सुनामी २ मध्ये १२८. कारखान्यातून येणारा आवाज एवढ्याशा स्पीकरला जड जातो, तो फाटतो आणि पुढे पडदाही निकामी होतो. मी निम्म्यावर आणतो आणि तिथून कानाने वाढवतो.

एक गोष्ट बसवतानाच ठरवा: कीप अलाइव्ह, म्हणजे वीज तुटली तरी डिकोडर चालू ठेवणारे कपॅसिटर. रुळावर धुळीचा कण आला की साधं इंजिन नुसतं अडखळतं. आवाजाचं इंजिन मात्र बंद पडून पुन्हा सुरू होण्याचा सगळा आवाज पहिल्यापासून काढतं. कपॅसिटरचा तो छोटा गठ्ठा एखाद दोन सेकंद तग धरतो. त्याचे जोड नंतर डिकोडरवर सोल्डर करणं नाजूक काम आहे, आताच करून घ्या. काही जातींमुळे प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर सीव्ही वाचता येत नाहीत, तेव्हा वाचन आधी उरका आणि तो मग जोडा. आणि चाकं पुसायला विसरू नका, घाणेरड्या चाकांवर तोही फार काळ पुरत नाही.

मोटर रोखल्यावरचा करंट आणि आतल्या मोकळ्या जागेची लांबी-रुंदी-उंची मोजलीत की इथेच खाली लिहा. त्यावरून पेटीचं माप सांगतो.