आबांच्या नावाची शिष्यवृत्ती आणि आईचे पंधरा लाख

प्रश्न : वडील, म्हणजे आबा, गवंडी होते. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावची निम्मी घरं त्यांच्या हातची. पुढं ते तंटामुक्ती समितीचे अध्यक्षही झाले. गेल्या वर्षी वारले. त्यांच्या नावावर १५ लाखांच्या ठेवी आहेत, नॉमिनी मी आहे, मृत्युपत्र नाही. त्यातून ट्रस्ट काढून आमच्या समाजातल्या मुलांना शिष्यवृत्ती द्यावी, असं आम्हा दोघा भावांना वाटतं. आई ६६ वर्षांची, गावी राहते, तिला पेन्शन नाही. बहीण सासरी आहे, तिची हरकत नसेल.

उत्तर : दुसऱ्यांची घरं उभी करण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्या नावानं कुणी शिकावं, ही तुमची इच्छा मला मनापासून पटते. पण या १५ लाखांना हात लावू नका.

हे पैसे तुम्हा दोघांचे नाहीत. नॉमिनी रक्कम ताब्यात घेतो, मालक होत नाही. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, तुम्ही दोघे आणि बहीण असे चौघे सारखे वारस. ‘हरकत नसेल’ हे तुम्ही गृहीत धरलंय, तिला विचारलेलं दिसत नाही.

आणि आईचं काय? आज तुम्ही दोघे तिला पैसे पाठवत असाल, पण दर महिन्याला मुलांच्या तोंडाकडं बघायची वेळ तिच्यावर का यावी? नॉमिनी म्हणून रक्कम घ्या आणि तिघा भावंडांच्या लेखी संमतीनं आईच्या खात्यात वळती करा. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी १५ लाखांवर तिला दर तिमाहीला ३०,७५० रुपये मिळतील. आबांच्या कष्टाच्या पैशाचं पहिलं काम हेच आहे.

ट्रस्ट म्हटला की धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी हिशेब, ऑडिट, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट. एवढ्याशा रकमेला हा खटाटोप झेपत नाही. शिवाय लाभ एकाच जातीपुरता ठेवला तर, अनुसूचित जाती-जमाती आणि मागासवर्ग सोडले, तर देणगीदारांना करसवलत देणारी मान्यता मिळत नाही. करसवलत बाजूला ठेवली तरी गावाचे तंटे मिटवणाऱ्या माणसाच्या नावाला ती अट मला शोभत नाही.

मग शिष्यवृत्ती कशातून? तुमच्या कमाईतून. दोघांनी वर्षाला १२-१२ हजार काढले तर २४,००० होतात. बहिणीला भर घालायची असेल तर तिचं नावही बरोबरीनं यावं. जवळच्या शासकीय आयटीआयच्या प्राचार्यांना भेटा. गवंडीकाम, नळ कारागीर, वीजतंत्री अशा ट्रेडची दोन मुलं-मुली त्यांच्याकडून सुचवून घ्या. तिथली फी तुलनेनं कमी असते. पोरं अडतात ती एसटीचा पास, मेस आणि हत्यारांपाशी. थापी, ओळंबा, पाणसळ कशाला लागतात हे तुमच्या घरात कुणाला सांगायला नको. हत्यारांचे पैसे थेट दुकानदाराला द्या.

तीन वर्षं हे न चुकता जमलं, तर कायमच्या निधीचा विचार करा, तोही जुन्या, नोंदणीकृत शिक्षणसंस्थेकडे आबांच्या नावानं. समजा हळूहळू ५ लाख साठले. ७ टक्क्यांनी व्याज ३५,००० येईल. सगळं वाटत राहिलात तर महागाई ६ टक्के धरून दहा वर्षांनी त्या ३५,००० ची किंमत आजच्या साडेएकोणीस हजारांएवढी उरेल. चाळीस वर्षांपूर्वी शाळांना दिलेल्या ५,००० च्या ठेवी आठवा. तेव्हा ती मोठी रक्कम होती, आज तिच्या व्याजात एक दप्तर येत नाही. म्हणून संस्थेकडून लेखी घ्या : वाटप २०,००० चं, उरलेले १५,००० मुद्दलात.

ठेवींचा अर्ज बँकेत देण्याआधी बहिणीला फोन करा. आणि पहिली दोन मुलं निवडाल तेव्हा आईलाही सोबत बसवा.