वाळवीचा बाँड की महिन्याचा स्प्रे? शुगर लँडच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं, सोबत पाठवलेले कॉन्ट्रॅक्टचे फोटो पण मोठे करून बघितले. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. ह्यूस्टनजवळ शुगर लँडला यांचं २००४ चं घर, तीन वर्षांपूर्वी घेतलेलं. मे महिन्यात एका संध्याकाळी अंधार पडता पडता पॅटिओच्या दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांचा थवा आला आणि सकाळी बघतात तर मास्टर बाथरूमच्या खिडकीत नुसता पंखांचा सडा. त्याच आठवड्यात दारावर टॅबलेट घेऊन एक मुलगा आला: महिना ११९ डॉलर, २४ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, झुरळं, मुंग्या, डास, वाळवीची बेट स्टेशन्स (घराभोवती जमिनीत पुरलेले विषारी आमिषाचे डबे) सगळं त्यात, पहिली फवारणी फुकट, पण सही आजच करायची. दुसऱ्या एका लोकल कंपनीने फक्त वाळवीचं कोटेशन दिलंय, घराभोवती लिक्विड ट्रीटमेंट (म्हणजे मातीत औषध मुरवणं) १,४५० डॉलर आणि पुढच्या वर्षापासून रिन्यूअल २२५, दुरुस्तीच्या खर्चाची हमी पण हवी असेल तर ३४० (दर वर्षी पैसे भरून चालू ठेवायच्या या हमीलाच वाळवीचा बाँड म्हणतात). आणि मिस्टरांचं म्हणणं असं की हे सगळे घाबरवून पैसे काढायचे धंदे आहेत, होम डेपो या घरसामानाच्या दुकानातून स्प्रेचा कॅन आणू आणि उरलेले पैसे इंडेक्स फंडात टाकू.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ११९ वालं घेऊ नका. लिक्विड ट्रीटमेंट करून ३४० वालं रिन्यूअल घ्या, पण सही करायच्या आधी त्या कागदात काही गोष्टी बघा, त्या खाली सांगतोच. झुरळं आणि मुंग्या तुमच्या तुम्ही बघू शकता, त्यासाठी दर महिन्याला कोणाला पैसे द्यायची गरज नाही.

आता का ते. झुरळ दिसलं की आपल्याला किळस येते आणि पैसे तिथे जातात, वाळवी दिसत नाही म्हणून तिच्यावर खर्च करायला हात मागे येतो. पण पैशाच्या दृष्टीने बघा, झुरळाने घराची किंमत कमी होत नाही. वाळवीने होते, आणि तुमची होमओनर्स इन्शुरन्स पॉलिसी ते नुकसान भरून देत नाही. पॉलिसी काढून एक्सक्लुजनचं पान वाचा, किडे आणि उंदीर-घुशींनी केलेलं नुकसान तिथे बाहेर काढलेलं असतं. टॅक्समध्ये पण सुटका नाही, वाळवीचं नुकसान हळूहळू होतं म्हणून आयआरएस (अमेरिकेचं टॅक्स खातं) त्याला कॅज्युअल्टी लॉस, म्हणजे अचानक ओढवलेलं नुकसान, धरत नाही, आणि राहत्या घराचं पेस्ट कंट्रोल वजा करता येत नाही (उद्या घर भाड्याने दिलंत तर भाड्याच्या उत्पन्नातून तो खर्च वजा होतो, तेवढं लक्षात ठेवा). म्हणजे जे काय होईल ते सगळं तुमच्या खिशातून. माझं कायमचं सांगणं आहे की जो फटका इन्शुरन्स उचलत नाही आणि जो आपल्याला झेपायला जड आहे, तिथे आधी पैसे लावायचे.

मी हे स्वतः भोगलंय. २०१५ मध्ये ह्यूस्टनजवळच केटी गावातल्या आमच्या घरी गॅरेजमध्ये भारतातून आणलेल्या पुस्तकांची खोकी भिंतीला टेकवून ठेवलेली, ती हलवली तर मागे शीटरॉकवर (भिंतीच्या जिप्सम बोर्डावर) पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी वर चढत गेलेली. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बेसबोर्डवर (भिंतीच्या तळाच्या लाकडी पट्टीवर) टकटक केलं तर आवाज पोकळ, अंगठ्याने जरा दाबलं तर पापड मोडावा तसा तो आत गेला, वरचा रंग तेवढा शाबूत होता. माझ्याकडे बाँड होता! पण तो नुसता पुन्हा ट्रीटमेंट करून देण्याचा. कंपनी आली, एक पैसा न घेता ट्रीटमेंट करून गेली, आणि कुजलेली लाकडं, शीटरॉक, रंग हे सगळं माझ्यावर, ६,८०० डॉलर गेले. इन्शुरन्सचं नकाराचं पत्र आठवड्यात आलं. म्हणून २२५ आणि ३४० मधला जो ११५ डॉलरचा फरक आहे ना, तो मला अजिबात जास्त वाटत नाही, त्या कागदात खरा उपयोगाचा भाग तोच आहे.

तुमच्या केसमध्ये अजून एक गोष्ट आहे. इथली टेक्सासची मूळची वाळवी साधारण हिवाळा संपताना आणि वसंतात उडते, आणि दिवसा उडते. मे-जूनमध्ये संध्याकाळी अंधार पडल्यावर दिव्यावर येते ती बहुतेक फॉर्मोसन जातीची. ही मूळची आशियातली, १९६५ मध्ये ह्यूस्टनच्याच एका शिपयार्डात सापडली होती, जहाजांच्या मालाच्या लाकडातून आली असं धरतात. तिची एकेक वसाहत कित्येक लाखांची असते, आणि मुख्य म्हणजे तिला आत कुठे सतत ओलावा मिळाला तर ती मातीशी संबंध न ठेवता भिंतीच्या आतच घर करू शकते. आणि बऱ्याच कंपन्यांच्या कागदात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की फॉर्मोसन वाळवी यात धरलेली नाही, किंवा धरलीय पण जमिनीला न टेकणारी वसाहत धरलेली नाही. तुमच्या ३४० वाल्या कागदाच्या फोटोत मला नुसतं ‘सबटेरेनियन टर्माइट्स’ (जमिनीखालची वाळवी) एवढंच दिसलं. त्यांच्याकडून फॉर्मोसनचं नाव घालून लेखी घ्या, नाही दिलं तर तिसऱ्या कंपनीचं कोटेशन मागवा, मग ते थोडं महाग पडलं तरी चालेल. आणि ते पंख किंवा मेलेले किडे असतील तर झिपलॉकमध्ये ठेवा, काउंटीच्या टेक्सास ए अँड एम अ‍ॅग्रिलाइफ एक्स्टेन्शन ऑफिसात (विद्यापीठाच्या शेतकी सल्ला केंद्रात) ओळखून मिळतात. चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड आणि मिशा सरळ असतील तर वाळवी, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि कंबर बारीक असेल तर ती पंखवाली मुंगी, मग एवढं सगळं करायचीच घाई नाही.

कागदात अजून काय बघायचं तर दुरुस्तीची मर्यादा किती डॉलरची, आणि आधीपासून झालेलं नुकसान त्यातून वगळलंय का (वगळतातच, म्हणून पहिल्या इन्स्पेक्शनमध्ये सगळे फोटो तारखेसकट घेऊन ठेवा). घर विकलंत तर बाँड नव्या मालकाच्या नावावर होतो का. आणि कशाने रद्द होतो, हे सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे गंबो क्ले, म्हणजे चिकणमाती, उन्हाळ्यात आकसते पावसात फुगते, त्यामुळे फाउंडेशन रिपेअर घरोघरी. तुम्ही उद्या पिअर्स (पायाला आधार देणारे खांब) टाकायला स्लॅबच्या कडेला खोदलंत, किंवा नुसता फुलांचा नवीन वाफा केलात, तरी औषध मुरलेली माती उलटीपालटी होते आणि तिथला अडसर तुटतो, कंपनीला न कळवता केलं तर बाँड पण जातो.

आता बेट स्टेशन वाईट असतात असं मी म्हणत नाही, चांगली चालतात, ड्रिल मारावं लागत नाही, फॉर्मोसनवर पण काम करतात. पण हिशोबाने बघितलं तर बेट म्हणजे भाडं आहे, पैसे थांबले की माणूस येऊन स्टेशन्स काढून नेतो आणि संरक्षण त्या दिवशी संपलं. लिक्विड मातीत कित्येक वर्षं टिकतं, एखाद्या वर्षी रिन्यूअल चुकलं तर हमी जाते पण औषध जात नाही. नोकरीची धाकधूक आहे असं तुम्हीच लिहिलंय, अशा घराला मी लिक्विडच सांगीन.

आकडे मांडून बघू. टेक्सासमध्ये पेस्ट कंट्रोलवर सेल्स टॅक्स लागतो, आपल्याकडे ८.२५ टक्के, तो त्या मुलाने सांगितला नसणार. ११९ चे २४ महिने म्हणजे २,८५६, टॅक्स धरून ३,०९२ च्या आसपास. हाच हप्ता दहा वर्षं चालू राहिला, भाव न वाढता, तर १५,४५८. आणि त्यात वाळवीसाठी दुरुस्तीची हमी नाहीच, फोटोत स्पष्ट आहे, फक्त री-ट्रीटमेंट, शिवाय मध्येच सोडलं तर त्या ‘फुकट’ पहिल्या फवारणीचे पैसे वसूल करणार असं पण लिहिलंय. दुसरीकडे १,४५० आणि नऊ वर्षं ३४०, मिळून ४,५१०, टॅक्ससकट ४,८८२. झुरळं-मुंग्यांच्या सामानाला वर्षाला १५० धरा, मी भरपूर धरलेत, तरी एकूण ६,४०० च्या आत. म्हणजे दहा वर्षांत नऊ हजारांचा फरक, आणि जास्त मोठी जोखीम झाकलेली.

मिस्टरांचं अर्धं बरोबर आहे, ते त्यांना जरूर सांगा. ११९ चं बंडल न घेतल्याने जे वाचतील ते फंडात जाऊ देत. पण १,४५० डॉलर फंडात टाकले आणि नशिबाने दहा वर्षांत दुप्पट झाले तरी ते २,९०० होतात, माझी एक गॅरेजची भिंत ६,८०० ला पडली होती. तुमचा इमर्जन्सी फंड १८,००० चा आहे, त्यातून ट्रीटमेंटचे पैसे काढा, क्रेडिट कार्डवर टाकू नका, आणि त्यांनी दिलेला फायनान्सचा फॉर्म तर भरूच नका. मग महिन्याला १०० डॉलर घराच्या वेगळ्या खात्यात, दीड वर्षात भरून येईल.

पैसे न लागणारी किंवा थोडक्यात होणारी कामं खरं तर ट्रीटमेंटइतकीच महत्त्वाची आहेत. वाळवीला पाणी लागतं. एसीच्या ड्रेनचं पाणी भिंतीच्या बुडाशी ठिबकत असेल तर पाइप लांबवा. मल्च (वाफ्यात पसरतो तो लाकडाचा भुसा) स्लॅबला चिकटलेला नको, विटांच्या खाली चार इंच तरी काँक्रीट उघडं दिसलं पाहिजे. उन्हाळ्यात फाउंडेशनला पाणी द्यायला सोकर होज (पाणी झिरपणारा पाइप) टाकतो आपण, ते सोडू नका पण पाइप भिंतीपासून फूट-दीड फूट लांब ठेवा. विटांमधल्या खालच्या उभ्या फटी, वीप होल्स, त्या सीलंटने बुजवू नका, भिंतीतला ओलावा तिथूनच बाहेर पडतो, झुरळं येतात म्हणून तांब्याची जाळी कोंबा. देव्हारा बाहेरच्या भिंतीला टेकवलाय म्हणालात, सागवानाला वाळवी सहसा लागत नाही हे खरं, पण मागचा प्लायवुड तिला चालतो, चार बोटं पुढे ओढा म्हणजे मागचं दिसत राहील.

किचनसाठी जेल बेट (झुरळांसाठीचं विषारी जेल) आणा, सिंकखाली, डिशवॉशरच्या बाजूला, बिजागऱ्यांजवळ तांदळाएवढे थेंब. आणि तिथे स्प्रे मारू नका, स्प्रेच्या वासाने झुरळं जेलकडे फिरकत नाहीत, मिस्टरांचा कॅन इथेच काम बिघडवतो. इंडियन ग्रोसरीची खोकी बाहेरच रिकामी करा. लॉनमधल्या फायर अँट्सना आधी सगळीकडे बेट भुरभुरवायचं आणि मग जे वारूळ त्रास देईल तेवढंच वेगळं मारायचं. डासांसाठी आठवड्यातून एकदा कुंड्यांखालच्या ताटल्या ओतून टाका.

या आठवड्यात एवढं करा. किचन सिंकखाली, वॉटर हीटरच्या कपाटात आणि ब्रेकर बॉक्सच्या दारावर जुना ट्रीटमेंटचा स्टिकर आहे का बघा, टेक्सासमध्ये तो लावावाच लागतो. घर घेतानाच्या कागदांत वुड डिस्ट्रॉइंग इन्सेक्ट रिपोर्ट (लाकूड खाणाऱ्या किड्यांच्या तपासणीचा अहवाल) पण शोधा, आधीच्या मालकाचा बाँड निघाला तर त्या कंपनीला फोन करा, तो पुन्हा चालू करणं नव्यापेक्षा बरंच स्वस्त पडू शकतं. कंपनीचं लायसन्स टेक्सास डिपार्टमेंट ऑफ अ‍ॅग्रिकल्चरच्या साइटवर तपासा, ट्रीटमेंटआधी घराचा नकाशा काढलेला डिस्क्लोजर कागद मागा. तो टॅबलेटवाला मुलगा परत आला आणि घरात कोणी सही करून बसलंच तर घाबरू नका, घरी येऊन केलेल्या विक्रीत तिसऱ्या बिझनेस डेच्या मध्यरात्रीपर्यंत लेखी रद्द करता येतं, कारण द्यावं लागत नाही.

आणि इन्स्पेक्टर येईल तेव्हा त्याला मास्टर बाथच्या शॉवरमागचा प्लंबिंगचा भाग उघडून बघायला लावा. पंख त्याच खोलीत पडले होते आणि २०२१ च्या फेब्रुवारीच्या गारठ्यात आधीच्या मालकाचा तिथलाच पाइप फुटला होता असं तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलाय. तिथे ओल निघाली तर आधी प्लंबर आणि मगच ट्रीटमेंट, हा क्रम उलटा करू नका. काय निघालं ते कळवा.