ट्रान्सफर केस उतरवण्यापूर्वी: लक्षणांवरून दोष कसा शोधावा

तुम्ही तीन तक्रारी एकत्र मांडल्या आहेत. ट्रान्सफर केसचा, म्हणजे गिअरबॉक्समधून आलेली शक्ती पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीचा, लिव्हर ४एच (चारही चाकांना शक्ती, नेहमीचा वेग) मधून २एच (फक्त दोन चाकांना शक्ती) मध्ये सहज परत येत नाही, साधारण ५० ते ६० किलोमीटर वेगाला खालून घरघर ऐकू येते, आणि उतारावर ४एल (चारही चाकांना शक्ती, कमी वेग व जास्त जोर) आपोआप निसटतो. यावरून तुम्हाला संपूर्ण ट्रान्सफर केस बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. माझे मत असे की ही लक्षणे एकाच दोषाची असतीलच असे नाही, त्यांपैकी काहींचे मूळ केसच्या बाहेर असू शकते, आणि म्हणून केस खाली उतरवण्याचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा.

पहिली तक्रार बहुधा दोष नसून या रचनेचा स्वभाव आहे. तुमची गाडी पार्ट-टाइम पद्धतीची आहे, म्हणजे एक्सलकडे शक्ती नेणाऱ्या पुढच्या आणि मागच्या प्रोपेलर शाफ्टमध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) नाही आणि ४एच मध्ये दोन्ही शाफ्ट एकमेकांना पक्के जखडले जातात. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात, त्यामुळे पुढच्या शाफ्टला जास्त फिरायचे असते, पण तसे फिरण्याची मुभा त्याला नसते. चिखलात किंवा वाळूत चाके किंचित घसरून हा फरक भरून काढतात, तर कोरड्या टणक रस्त्यावर तो पीळ बनून शाफ्ट आणि गिअरमध्ये साठत जातो व दोन शाफ्ट जोडणाऱ्या सरकत्या दातेरी कड्याचे, म्हणजे स्लीव्हचे, दात त्या ताणाखाली आवळले जातात. अशा वेळी लिव्हरवर जोर न लावता गाडी काही मीटर सरळ मागे घ्या आणि त्याच वेळी लिव्हर हलक्या हाताने ओढून पाहा. तो सुटला, तर स्लीव्ह आणि तिला सरकवणारा फोर्क यांच्यावर संशय घेण्याचे कारण उरत नाही.

मात्र सरळ रस्त्यावरही पीळ साठत असेल, तर चारही टायरचा परीघ मोजा. पुढच्या टायरचा परीघ २३०० मिलिमीटर आणि मागच्याचा केवळ एक टक्क्याने कमी, म्हणजे २२७७ मिलिमीटर असेल, तर एका किलोमीटरमध्ये चाकांच्या फेऱ्यांत सुमारे ४.४ चा फरक पडतो, आणि एक्सलचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीत शाफ्टच्या होणाऱ्या फेऱ्या) चारच्या आसपास असल्यास शाफ्टपाशी तोच फरक सुमारे साडेसतरा फेऱ्यांचा होतो. जुन्या गाडीत पूर्वीच्या मालकाने एखादा एक्सल वेगळ्या गुणोत्तराचा बसवलेला असण्याचीही शक्यता असते. चाकावर आणि शाफ्टवर खडूची खूण करून, पुढचे हब (पुढची चाके एक्सलला जोडणारे भाग) लॉक ठेवून व गाडी २एच मध्ये सरळ ढकलून, चाकाच्या एका फेरीत प्रत्येक शाफ्ट किती वेळा फिरतो हे मोजले की खात्री होते.

आवाजाच्या बाबतीत कान फार लवकर फसतात, कारण गाडीच्या सांगाड्यातून आवाज कुठूनही कुठेही पोहोचतो. म्हणून तो कुठून येतो यापेक्षा तो कोणत्या स्थितीत येतो आणि कोणत्या स्थितीत थांबतो याची नोंद ठेवावी. गाडी समतल जागी उभी करा, चाकांना उटी (अडसराचे ठोकळे) लावा, ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये ठेवा आणि मुख्य गिअरबॉक्स वरच्या गिअरमध्ये टाकून इंजिन चालवा. या स्थितीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसची इनपुट बाजू फिरते, तर दोन्ही आउटपुट शाफ्ट स्थिर राहतात. घरघर इथेच ऐकू आली, तर गिअरबॉक्स किंवा इनपुट बेअरिंग तपासावे लागेल. इथे शांतता असेल, तर आउटपुट बेअरिंग, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि चाकांची बेअरिंग उरतात. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असताना गिअरमध्ये ठेवलेली गाडी जागेवर राहत नाही, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पार्कसुद्धा तिला धरत नाही, त्यामुळे उटी विसरू नये.

पुढची पायरी म्हणजे शाफ्ट एकेक करून काढून पाहणे. पुढचा शाफ्ट काढून गाडी २एच मध्ये चालवा. आवाज तसाच राहिला, तर पुढचा शाफ्ट आणि त्याचे क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे सांधे) संशयातून सुटतात. काही गाड्यांत मागच्या शाफ्टचे टोक थेट केसच्या आत सरकलेले असते, ते काढताच ऑइल बाहेर येते. जुन्या लँड रोव्हरसारख्या गाड्यांत हँडब्रेकचा ड्रमच केसच्या मागच्या आउटपुटवर असतो, त्यामुळे मागचा शाफ्ट काढल्यावर हँडब्रेक मागच्या चाकांना धरत नाही. त्याच कारणाने अशा गाडीचे मागचे एक चाक जॅकवर उचलले, तरी डिफरन्शियलमुळे गाडी हलू शकते. मी स्वतः एकदा ही पायरी गाळून केस उघडली होती. आतली सर्व बेअरिंग सुस्थितीत होती, आणि आवाज मागच्या शाफ्टच्या एका कोरड्या पडलेल्या क्रॉसचा निघाला. तेव्हापासून क्रॉस हाताने हलवून पाहिल्याखेरीज मी पान्याला हात लावत नाही.

आवाज केवळ ४एल मध्ये येत असेल, तर केसची जात महत्त्वाची ठरते. जीपमध्ये आढळणाऱ्या एनपी२३१ सारख्या चेनच्या केसमध्ये हाय रेंजमध्ये शक्ती थेट पुढे जाते आणि प्लॅनेटरी गिअरवर (मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या छोट्या गिअरांच्या संचावर) भार येत नाही. लो रेंजमध्येच ते २.७२ पट वेग कमी करण्याचे काम करतात, म्हणून फक्त लो रेंजमधला आवाज त्यांच्याकडे बोट दाखवतो. याउलट, इनपुट आणि आउटपुट यांच्यामध्ये मधला गिअर असलेल्या, पूर्णपणे गिअरवर चालणाऱ्या अनेक केसमध्ये तो गिअरसंच दोन्ही रेंजमध्ये भार घेतो. चेनचा दोष वेगळा ओळखू येतो: ताणलेली चेन भाराखाली दात ओलांडते आणि फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये चढावर जोराचा कडाका ऐकू येतो.

या सर्वांच्या आधी ऑइल तपासायला हवे होते, आणि तुमच्या वर्णनात त्याचा उल्लेखच नाही. आधी वरचा फिलर प्लग सैल होतो का ते पाहा, मगच खालचा ड्रेन प्लग उघडा, कारण ऑइल काढल्यावर फिलर प्लग अडकून बसला तर गाडी जागची हलवता येत नाही. प्लगच्या चुंबकावर करडा मऊ लेप असणे स्वाभाविक आहे, पण बोटाला टोचणारे कण किंवा पापुद्रे दिसले तर बेअरिंग किंवा गिअरचे दात झिजत आहेत. चुंबकाला न चिकटणारी चंदेरी पूड चेन ॲल्युमिनियमच्या आवरणाला घासत असल्याचे सुचवते, आणि दुधाळ रंग पाणी शिरल्याचे. पातळी भरण्याच्या छिद्रापेक्षा वर असेल आणि त्याच वेळी गिअरबॉक्सचे ऑइल कमी असेल, तर दोहोंमधले सील गेले आहे. नवे ऑइल मात्र पुस्तिकेत सांगितलेलेच घाला: चेनच्या अनेक केसना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ ऑइल) लागते, तर गिअरच्या अनेक केसना जाड गिअर ऑइल.

आता ४एल निसटण्याविषयी. उतारावर इंजिन गाडीला रोखत असते, त्यामुळे दातांवरचा भार उलट दिशेने येतो, आणि अर्धवट बसलेली स्लीव्ह अशाच वेळी सरकते. ती अर्धवट का बसते, हा खरा प्रश्न आहे. इंजिन किंवा गिअरबॉक्सचे माउंटिंग खचले की केस खाली बसते, पण लिव्हर गाडीच्या बॉडीला जोडलेला असल्यास लिंकेजचे (लिव्हर आणि केस जोडणाऱ्या सळ्यांचे) माप बिघडते आणि लिव्हर पूर्ण मागे गेल्यासारखा वाटूनही आतला फोर्क शेवटपर्यंत पोहोचत नाही. लिंकेजची सळई सोडा आणि केसवरचा दांडा हाताने ४एल मध्ये ढकला. तो खटका देऊन आणखी पुढे गेला, तर लिंकेजची जुळवणी आणि माउंटिंग एवढेच काम आहे. हाताने पूर्ण बसवूनही तो निसटत असेल, तरच डिटेंटची (फोर्कला जागेवर धरणाऱ्या खटक्याची) स्प्रिंग व गोळी, फोर्कची झिजलेली टोके, स्लीव्हचे गोल झालेले दात आणि शाफ्टची पुढेमागे होणारी हालचाल पाहण्यासाठी केस उघडावी लागेल.

तसे करावे लागले, तर त्याच वेळी ब्रीदरची (केसमधली हवा बाहेर सोडणारी) नळी मोकळी आहे का तेही पाहा. ती चिखलाने बुजली, तर तापलेल्या केसमध्ये दाब वाढतो आणि नवे सीलसुद्धा काही दिवसांत पाझरू लागते.