कार्बन फायबरची सायकल फ्रेम कशी बनवतात? साच्यात ओतून का?

नाही, ओतकाम नसतं. बरंचसं काम हातानेच होतं.

कच्चा माल म्हणजे कार्बनच्या धाग्यांची पातळ, चिकट शीट. एकेक धागा साधारण 5 ते 7 मायक्रॉन जाडीचा, केसापेक्षा कितीतरी बारीक. शीटमध्ये इपॉक्सी रेझिन (धाग्यांना धरून ठेवणारं, गोंदासारखं रसायन) आधीच मुरवलेलं असतं. ते साध्या तापमानालाही हळूहळू कडक होतं, म्हणून रोल फ्रीझरमध्ये ठेवतात. मशीनवर शीटचे तुकडे कापतात. एका फ्रेमला शेकडो लागू शकतात.

खरी मेख पुढे आहे. धागा लांबीच्या दिशेने प्रचंड ताण सोसतो, पण आडव्या दिशेला सगळी भिस्त रेझिनवर. म्हणून काही थर नळीच्या लांबीला समांतर लावतात, तर पीळ सोसण्यासाठी काही 45 अंशांत तिरके. पेडलची क्रँक बसते तिथे आणि हँडलखालच्या हेड ट्यूबला थर जास्त. नळ्यांच्या मधल्या भागात कमी. वजन वाचतं ते इथेच.

हे थर धातूच्या साच्यात ठेवतात, आत फुगा घालून हवा भरतात आणि साधारण 120 ते 150 अंश सेल्सिअसला भाजतात. फुगा थरांना साच्यावर दाबून धरतो. मग सुटे भाग जोडायचे, घासायचे, रंगवायचे. (वरची विणीची नक्षी बरेचदा निव्वळ शोभेची!)

थर लावताना आत सुरकुती पडली तर फ्रेम तिथे कमकुवत होते, आणि रंगाखाली ती दिसतही नाही. चांगले कारखाने त्यासाठी अल्ट्रासाउंड किंवा एक्स-रे तपासणी करतात.